हिंडणाऱ्यांचा शिरस्ता

शुक्रवारी रात्री नऊ-दहाच्या सुमारास बेंगळुरूच्या केंपेगौडा बसस्थानकात, ज्याला अवघे शहर आजही मॅजेस्टिक याच नावाने ओळखते, डोक्याच्याही वर जाणाऱ्या पाठपिशव्या घेतलेली तरुण मंडळी जागोजाग उभी दिसतात. कुणी चिक्कमगळूरच्या गाडीची वाट पाहत असतो, कुणी कुक्के सुब्रह्मण्यच्या, कुणी मडिकेरीच्या, आणि त्या घोळक्यांतून कन्नड, तमिळ, हिंदी यांच्या जोडीने मराठीही हटकून कानी पडते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर अशा ठिकाणांहून संगणकाच्या उद्योगात नोकरीला आलेली आणि व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या इमारतींत आठवड्याचे पाच दिवस कोंडलेली ही मुले दोन दिवसांत एखादे शिखर चढून सोमवारी सकाळी पुन्हा आपापल्या जागी हजर होतात. त्यांच्याशी जरा मोकळेपणाने बोलणे काढले, की एक इच्छा बहुतेकांच्या तोंडून बाहेर पडते: ही नोकरी सोडून द्यावी, भाड्याच्या घराची किल्ली मालकाच्या हाती ठेवावी, आणि पाठीवर मावेल तेवढे बिऱ्हाड घेऊन मुदत न ठरवता हिंडत राहावे.

घरच्या वडीलधाऱ्यांस या इच्छेत पळपुटेपणा दिसतो आणि कचेरीतल्या वरिष्ठांस ती थकव्याची तक्रार वाटते. मला ती याहून पुष्कळ गंभीर गोष्ट वाटते. ज्या समाजाने शेकडो वर्षे आषाढीच्या वारीला घरदार शेजाऱ्यावर सोपवून देहू-आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायी तुडवली, ज्याच्या मुलुखातून धनगर, वैदू, नंदीवाले, लमाण, कैकाडी अशा अनेक जमाती ऋतुचक्राबरोबर येत-जात राहिल्या, त्या समाजातील तरुणाला वाटेची ओढ लागावी यात नवल नाही, आणि गैर तर मुळीच नाही. मात्र या ओढीविषयी एक समजूत सर्वत्र रूढ झालेली आहे, ती तपासून पाहण्याजोगी आहे. भटके जीवन म्हणजे बंधनांचा अभाव, मन मानेल तिकडे जाणे, कोणाचे देणे नाही आणि कोणाला जाब नाही, असे चित्र या तरुणांच्या मनात असते. आणि ज्यांनी खरोखर भटके जीवन जगले किंवा डोळसपणे अभ्यासले, त्यांच्या अनुभवाशी हे चित्र कोठेच जुळत नाही.

बेंगळुरूत बसून हा विचार करताना प्रथम आठवण होते ती शहाजीराजांची. १६३६ मध्ये निजामशाही बुडाल्यावर ते आदिलशाहीच्या चाकरीत दाखल झाले, रणदुल्लाखानाच्या सैन्याबरोबर कर्नाटकाच्या मोहिमेवर निघाले, आणि १६३८ मध्ये केंपेगौडांच्या ताब्यातील बेंगळुरू पडल्यावर ते ठाणे त्यांच्याकडे जहागीर म्हणून आले. पुढील पाव शतकभर या शहरात त्यांचा दरबार होता, पंडित होते, कवी होते. परंतु दौलतीचा हा धनी त्या काळातही घोड्यावरून फारसा खाली उतरला नाही, आणि १६६४ च्या जानेवारीत त्यांना मरण आले तेही चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे, शिकारीच्या धावपळीत घोड्यावरून पडून. त्यांची समाधी तेथेच आहे. बेंगळुरूत घर केलेल्या मराठी माणसाने एकदा तरी तेथवर जाऊन यावे. मुलूखगिरी म्हणजे स्वैर संचार अशी ज्याची कल्पना असेल, त्याने त्या काळच्या मोहिमांचे कागद वाचावेत: दाणा-वैरण कोठे मिळेल, पाण्याचा मुक्काम कोणता, पावसाळ्यापूर्वी छावणी कोठे पडावी, कोणत्या गावाला कौल द्यावा, अशा शेकडो कलमांनी ते हिंडणे बांधलेले असे.

या दरबाराची स्मृती आपल्याला पुन्हा मिळवून दिली तीही एका फिरस्त्यानेच. जयराम पिंड्ये या कवीने शहाजीराजांवर रचलेला ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करण्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला, वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीने अर्धी खाल्लेली दफ्तरे धुंडाळली, आपले अन्न आपण शिजवून खाल्ले, आणि १८९८ पासून खंडामागून खंड छापून काढले. घर आणि स्थैर्य यांविषयी इतका निरिच्छ असलेला हा पुरुष कामाच्या बाबतीत मात्र कमालीचा बांधलेला होता. बेंगळुरूच्या मराठी वाचनालयांत राजवाडे कोणी वाचत असेल तर त्याने त्यांच्या संशोधनाबरोबर त्यांच्या पायपिटीचीही दखल घ्यावी, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

तथापि भटक्या जीवनाचे अंतरंग उलगडून दाखविणारे खरे काम या शहरात झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मल्लेश्वरमच्या अंगाला असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या गर्द झाडीच्या आवारात. पुण्यात १९४२ मध्ये जन्मलेले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे पुत्र आणि इरावती कर्वे यांच्या शेजारात वाढलेले माधव गाडगीळ हार्वर्डहून परतल्यावर १९७३ मध्ये या संस्थेत रुजू झाले आणि १९८३ मध्ये तेथे परिसरविज्ञानाचे केंद्र त्यांनी उभे केले. बंदीपूरच्या हत्तींपासून देवरायांपर्यंत नाना विषय त्यांनी हाताळले, आणि ते सारे रानात पायी हिंडून. ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’ या आत्मकथनाच्या नावातच त्यांची ही भूमिका आली आहे. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्या सहकार्याने त्यांनी महाराष्ट्रातील भटक्या जमातींचा जो अभ्यास केला, तो आजच्या प्रत्येक भटकंतीवेड्या तरुणाने समजून घ्यावा अशा योग्यतेचा आहे.

त्यांनी एकाच मुलुखात वावरणाऱ्या आणि शिकारीवर काही अंशी पोट भरणाऱ्या तीन जमाती निवडल्या: फासेपारधी, वैदू आणि तिरुमल नंदीवाले. वरवर पाहणाऱ्यास हे तिन्ही लोक एकाच माळावर एकाच सावजाच्या मागे धावत असतील असे वाटावे. प्रत्यक्षात प्रत्येकाचे सावज निराळे, साधन निराळे आणि जागा निराळी असल्याचे आढळून आले. फासेपारधी नावाप्रमाणे फास लावून हरणे, काळवीट आणि तित्तिर-लाव्यांसारखे पक्षी धरीत. वैदू सापळ्याने मुंगूस, उदमांजर, रानमांजर असे लहान मांसाहारी प्राणी आणि ओढ्या-नद्यांतील खेकडे, कासवे पकडीत. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. एकाने दुसऱ्याच्या घासात हात घालावयाचा नाही, असा हा अलिखित बंदोबस्त होता. याहूनही लक्षणीय गोष्ट म्हणजे एकाच जमातीच्या निरनिराळ्या टोळ्यांमध्येही गावे वाटून दिलेली असत. कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावांत नंदी घेऊन जायचे हे ठरलेले, ती वहिवाट बापाकडून मुलाकडे चालत आलेली, आणि दुसऱ्याच्या हद्दीत कोणी शिरलाच तर जातपंचायतीपुढे उभे राहून दंड भरण्याची पाळी त्याच्यावर येई.

गावच्या पाटलाला दारी आलेला नंदीवाला वाऱ्यावर आल्यासारखा वाटला, तरी तो आपल्या वहिवाटीच्या गावी, आपल्या ठरल्या पाळीने आलेला असे. त्याच्यापाशी सनद नव्हती, नकाशा नव्हता. परंतु त्याच्या मनातील हद्दी एखाद्या मामलेदाराच्या नकाशाइतक्याच रेखीव होत्या. गाडगीळांच्या मांडणीचा मुख्य मुद्दा हा, की अशा हक्कांमुळे आणि विभागणीमुळे संसाधने उधळली जात नाहीत, कारण ज्या रानात आपल्याला आणि आपल्या नातवाला पुन्हा यायचे आहे, ते रान माणूस ओरबाडून रिकामे करीत नाही. या विचाराच्या तपशिलांवर विद्वानांचे मतभेद झाले, आणि जातिव्यवस्थेतील अन्यायाकडे त्यामुळे डोळेझाक होते असाही आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप मला वजनदार वाटतो. परंतु जो भटकतो त्याला परत यावयाचे असते, ही या अभ्यासातून हाती येणारी गोष्ट मला मोलाची वाटते, आणि शनिवारी येऊन रविवारी कायमच्या निघून जाणाऱ्या प्रवाशाला नेमकी हीच गोष्ट माहीत नसते.

मेंढपाळ हटकर धनगरांच्या वाटा याच दृष्टीने पाहाव्यात. फलटण, माण, खटाव या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील हे लोक पावसाळाभर आपल्या गावच्या माळावर असतात. दसरा-दिवाळी उलटली, माळावरचे गवत सरत आले, की वाडा हलतो. वाडा म्हणजे येथे दगडमातीचे घर समजू नये. एकत्र निघणाऱ्या चार-सहा कुटुंबांची, त्यांच्या मेंढरांची, घोड्यांची आणि कुत्र्यांची मिळून ती वस्ती. पहाटे पालाच्या काठ्या उपटल्या जातात, घोंगड्यांच्या घड्या पडतात, आणि बायका तट्टांच्या पाठीवर आधी पाल व वाकळा, मग पातेली-परात, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, रात्री जन्मलेली दोन-चार कोकरे आणि सर्वांच्या वर एखादे झोपाळू मूल असा संसार रचतात, दोर आवळतात, आणि घोड्यांसह पुढच्या मुक्कामाकडे निघून जातात. पुरुष मेंढरे चारीत, दिवसभर आडवाटेने, त्याच मुक्कामाला संध्याकाळी पोहोचतात. तोवर तेथे चूल पेटलेली असते आणि वाघर लावण्याची जागा ठरलेली असते. रात्री कोणाच्या शेतात मेंढरे बसवायची हा सौदा तोंडीच होतो. मेंढरांच्या लेंड्या आणि मूत यांनी शेताला खत मिळते, त्याबदल्यात शेतकरी पूर्वी धान्य देई, आता बहुधा रोकड देतो. घाट उतरून कोकणात गेलेला वाडा मृगाच्या आत पुन्हा घाटावर चढलाच पाहिजे, कारण कोकणातला मुसळधार पाऊस दख्खनी मेंढराला सोसत नाही. खुरे कुजतात, छाती भरते, आणि कळप बसतो.

या दिनक्रमात मन मानेल तिकडे जाण्याला तिळमात्र जागा नाही. गवत, पाणी, ऊन, पाऊस, शेतकऱ्याचे पीक आणि मागच्या वर्षीचा शब्द, एवढ्या गोष्टींनी धनगराचे प्रत्येक पाऊल आखलेले असते. विज्ञान संस्थेच्याच आवारात सुलोचना गाडगीळ यांनी आयुष्यभर मोसमी पावसाच्या चढउतारांचा अभ्यास केला, बेंगळुरूच्या उत्तरेस असलेल्या पावगडच्या भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीच्या वेळेचा हिशेब मांडला. अवर्षणाच्या मुलुखात पाऊस कधी, कोठे आणि किती पडेल याचा नेम नसतो. शेतकरी त्यावर पेरणीची वेळ साधून तोड काढतो, मेंढपाळ स्वतःच जागचा हलून काढतो. कर्नाटकातील कुरुब मेंढपाळांची रीत याहून फारशी निराळी नाही, आणि त्यांची कांबळी व आपली घोंगडी यांच्यात परका माणूस क्वचितच फरक सांगू शकेल.

आता या विषयाची एक वेदनादायक बाजू आहे, ती टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. स्थिर समाजातील सुखवस्तू माणसाला ज्या भटक्या जीवनाची स्वप्ने पडतात, ते जीवन ज्यांच्या कपाळी जन्मतः आले त्यांना इंग्रजी राज्याने गुन्हेगार ठरविले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या; पुढे त्या कायद्याची व्याप्ती देशभर वाढत गेली, हजेरीची सक्ती आली, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी झाली, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. ज्या सरकारला शेतसारा वसूल करायचा होता, जंगल राखीव करायचे होते आणि प्रत्येक माणसाची नोंद एका गावी हवी होती, त्याला हिंडणारा माणूस डोळ्यांसमोर नको होता. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि हे लोक विमुक्त म्हणवू लागले. कागदावरील डाग पुसला गेला, पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या मनावरील पुसायला अजून अवकाश आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले आणि गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाचे जिणे मराठी वाचकाला प्रथमच आतून दिसले. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने त्याच वाटेने पुढचे पाऊल टाकले. ही पुस्तके वाचल्यावर ध्यानात येते, की पालात जन्मलेल्या मुलाची ओढ शाळेकडे, शिधापत्रिकेकडे, चार भिंतींकडे असते. आपण ज्या घराला कंटाळून निघतो, त्या घराची वाट पाहण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या आहेत. म्हणून भटकंतीचे गोडवे गाणाऱ्याने हे ओझे मनात वागवले पाहिजे. हौसेने हिंडणाऱ्याला पोलीसठाण्यात कोणी हजेरी मागत नाही, हा केवळ जन्माचा योग आहे.

हौसेने आणि ध्यासाने हिंडणाऱ्यांची परंपराही आपल्याकडे समृद्ध आहे. ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने घरातून निघून गेले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, वेदान्त शिकले, नर्मदेच्या काठाने पायी फिरले आणि पुढे उभा सह्याद्री गडागडाने पालथा घातला. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही त्यांची पुस्तके वाचून घर सोडावेसे वाटले नाही असा मराठी तरुण विरळा. परंतु गोनीदांनी केलेल्या त्या नर्मदा परिक्रमेचे नियम काय आहेत? नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची; ती कोठेही ओलांडायची नाही, समुद्रमुखापाशी मात्र नावेने पैलतीर गाठायचा; संग्रह करायचा नाही; गावाने सदावर्तात दिलेला शिधा किंवा भिक्षा यांवर निर्वाह चालवायचा. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या नदीचे दोन्ही काठ या नियमाने चालून जाण्याची परंपरागत मुदत तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. ज्याला मोकळे व्हायचे असते त्याला आपल्या पूर्वजांनी इतक्या काटेकोर बंधनांत घातले, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, परिक्रमावासी मोकळा होऊन परत येतो असा शेकडो वर्षांचा अनुभव आहे. आज काय खावे, कोठे जावे, कोठे निजावे याची निवड करण्याच्या ताणातून त्याची सुटका झालेली असते. शहरातला माणूस ज्या गोष्टीने सर्वाधिक शिणतो, ती गोष्ट परिक्रमेने पहिल्याच दिवशी काढून घेतलेली असते.

मोठ्या साहसांची कथाही याच वळणाची. १९२३ मध्ये मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तीन पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेस निघाले आणि १९२८ मध्ये परतले. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ती नौका गोव्यात बांधली गेली, आणि समुद्रावर काढलेल्या महिन्यांपूर्वी जमिनीवर फार मोठी तयारी खर्ची पडली होती. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विशी गाठतानाच, १५९ दिवसांत सायकलने सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा पूर्ण केली. या मंडळींची दैनंदिनी पाहिली तर ती कोणत्याही कारखान्यातील पाळीपेक्षा कडक असल्याचे दिसते.

बेंगळुरूच्या तरुणाला मात्र इतक्या दूर जाण्याची गरज नाही, कारण त्याच्या शहराभोवतीच जगातील अतिप्राचीन भूमीचे एक भव्य प्रदर्शन पसरलेले आहे आणि त्याकडे शहराचे म्हणावे तसे लक्ष नाही. लालबागेतील खडकाच्या टेकाडावर संध्याकाळी शेकडो माणसे बसलेली असतात; तो खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. नैऋत्येस रामनगरकडे आणि पश्चिमेस मागडीकडे गेले, की तांबूस-करड्या ग्रॅनाइटचे प्रचंड घुमट उभे राहू लागतात. कंपनी सरकारचा म्हैसूरमधील रेसिडेंट बॅरी क्लोज याच्या नावाने रामनगर पूर्वी क्लोजपेट म्हणून ओळखले जाई, आणि म्हणून भूशास्त्रज्ञ या खडकाला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे. आपला सह्याद्रीचा काळा कातळ, ज्यावर रायगड-राजगड उभे आहेत, तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे महाराष्ट्रातून येथे आलेला गिर्यारोहक एका अगदी निराळ्या युगावर पाय ठेवीत असतो.

सावनदुर्ग हा या घुमटांचा राजा. समुद्रसपाटीपासून १२२६ मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे अखंड शिलाच आहे. पायथ्याशी सावंदी वीरभद्राचे आणि नरसिंहाचे देऊळ आहे. तेथून थोडी झुडपे ओलांडली, की पायाखाली माती उरत नाही. सह्याद्रीत चढताना हाताला कपार सापडते, कारवीचे खोड सापडते, पायरी कोरलेली असते. येथे समोर केवळ एक तिरका, उघडा, उन्हाने तापलेला दगड वर वर जात असतो, आणि तळव्याच्या घर्षणावर भिस्त ठेवून चढावे लागते. जवळून न्याहाळल्यास त्या दगडाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. बोटभर जाडीचे, परातीएवढे तुकडे खालच्या अंगापासून विलग होऊन पोकळ वाजतात, आणि त्यांच्या फटींत साठलेल्या चिमूटभर मातीत गवत रुजते. खोलगट जागी पावसाचे पाणी राहते, त्यात शेवाळ धरते, आणि अशा ओल्या पट्ट्यावर चुकून पाय पडला तर सावरायला काही हाताशी नसते. म्हणून पावसात हा डोंगर चढू नये, हे तेथील माणसे कळकळीने सांगतात आणि दरवर्षी कोणी ना कोणी ते ऐकत नाही. वर तटबंदीचे अवशेष आहेत, माथ्यावर नंदीचा मंडप आहे. बेंगळुरू गमावल्यावर केंपेगौडांच्या वंशजांनी मागडीला राहून याच दुर्गाचा आसरा घेतला होता, आणि पुढे टिपू सुलतानाच्या काळात, डिसेंबर १७९१ मध्ये, कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो जिंकला.

अशा जागा आता माणसांच्या लोंढ्यांखाली दबत चालल्या आहेत. २०२४ च्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुटीत कुमारपर्वताच्या वाटेवर एवढी गर्दी लोटली, की त्याची छायाचित्रे देशभर पसरली. वनखात्याने काही काळ जंगलवाटा बंद ठेवल्या, आणि त्यानंतर आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला ठराविक माणसे हा नियम आणला. रामनगरच्या रामदेवर बेट्टावर, जेथे ‘शोले’चे चित्रीकरण झाले आणि जेथे लांब चोचीची गिधाडे कड्यांवर घरटी करतात, २०१२ पासून गिधाडांचे अभयारण्य आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने देशातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. उरलेल्या थोडक्या जोड्यांपैकी एखाद्या जोडीचे घरटे आरडाओरड आणि गाण्याच्या कर्ण्याने सुटले, तर ते नुकसान भरून येणारे नाही. हे नियम पुष्कळांना जाचक वाटतात, सरकारी अडवणूक वाटतात. मला ते नंदीवाल्यांच्या जातपंचायतीच्या जवळचे वाटतात. फरक असलाच तर हा, की पंचायतीचा नियम हिंडणाऱ्यांनी स्वतः केला होता आणि आपला नियम दुसऱ्याला आपल्यावर लादावा लागला.

तेव्हा नोकरी सोडून हिंडायला निघावे की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. ज्याला निघायचे आहे त्याने निघावे; आयुष्याची दोन-चार वर्षे वाटेवर खर्चली म्हणून कोणाचे वाटोळे होत नाही, आणि आईबापांनीही त्याला अपशकून करू नये. परंतु निघण्यापूर्वी त्याने आपल्याच शहराभोवतीचा एक टापू निवडावा, नंदी असो, शिवगंगा असो, मागडीचा मुलूख असो, आणि तेथे पुन:पुन्हा जावे: श्रावणात, कार्तिकात, फाल्गुनात, भर वैशाखात. तिथल्या तळ्यात पाणी कधी आटते, रानात आग कधी लागते, गुराखी कोणत्या पाऊलवाटेने उतरतो, हे कळेपर्यंत जावे. कन्नड बोलायला शिकावे. वाटाड्याला त्याच्या भाषेत वाट विचारणाऱ्याला जे सांगितले जाते, ते इतरांना सांगितले जात नाही. परवाना काढावा, वाटाड्याला त्याचा मेहनताना पुरता द्यावा, आपला कचरा आपल्या पाठीवरून परत आणावा. दर वर्षी येणारा माणूस म्हणून ज्या दिवशी पायथ्याचा चहावाला ओळखू लागेल, त्या दिवशी धनगराच्या वहिवाटीचा पहिला धडा गिरवला गेला असे समजावे; आणि पुढे हिमालयात किंवा परमुलुखात जायचे ते त्यानंतर.

आणखी एक विनंती आहे, ती बेंगळुरूत राहणाऱ्या पण गावाकडे सातबाऱ्यावर नाव असलेल्या मराठी तरुणांना. हिंडणाऱ्यांच्या वाटा टिकतात त्या गायरानांवर, पडीक माळांवर, ओढ्याकाठच्या सार्वजनिक जागांवर. आणि त्या जागा आज कुंपणे, वसाहती आणि अतिक्रमणे यांखाली गडप होत आहेत. दिवाळीला घरी जाल तेव्हा घाटात मेंढरांचा वाडा आडवा आला, तर गाडी कडेला घ्या, कर्णा वाजवू नका, आणि शेवटचे कोकरू जाईपर्यंत थांबा. आपल्या रानात मेंढरे बसवायची वहिवाट असेल तर ती मोडू नका. आणि गावच्या ग्रामसभेत गायरान दुसऱ्या कामाला देण्याचा विषय ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी रजा टाका, गावी हजर राहा आणि त्याच्या विरोधात हात वर करा.